वहीचे पहिले वर्ष



वर्ष संपले की किराणा दुकानदार खतावणी उघडतो. कोणाकडे किती येणे, कोणाला किती देणे, याचा मेळ घालतो. लिहिणाऱ्यानेही वर्षातून एकदा असा मेळ घालावा. गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनी मी शंभर पानी वही विकत आणली आणि रोज रात्री भांडी आवरल्यावर चार-सहा ओळी लिहू लागले. त्याला आता वर्ष झाले. एकीच्या तीन वह्या झाल्या. या वर्षात मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला. घरच्यांनी विचारला, शेजारणींनी विचारला, विहारात भेटणाऱ्या बायांनीही विचारला. "रोज काय लिहितेस गं? याचा उपयोग काय?"

प्रश्न रास्त आहे. दिवसभर जळगावच्या एम.आय.डी.सी.त चटईच्या किंवा पाईपच्या कारखान्यात उभे राहायचे, नाहीतर डाळ मिलमध्ये निवडणाची पाटी घेऊन बसायचे, घरी येऊन भाकरी टाकायच्या आणि उरलेल्या अर्ध्या तासात झोपायचे सोडून लिहीत बसायचे. हे कशासाठी? आपण काही पुढारी नाही, साहित्यिक नाही. आपले लिहिलेले वाचणार कोण? आज या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते. पण माझ्या वहीआधी एका फार मोठ्या वहीचे पहिले वर्ष कसे गेले, ते पाहू.

महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह १९ आणि २० मार्च १९२७ रोजी झाला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, बाबासाहेबांनी मुंबईत 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू केले. त्याआधी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला होता. त्याला कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. पण त्या वेळी बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत होते, म्हणून संपादक म्हणून दुसऱ्याचे नाव लागत असे. त्याच वर्षी जुलैमध्ये ते शिक्षण पुरे करायला लंडनला गेले आणि १९२३ पर्यंत 'मूकनायक' बंद पडला. 'बहिष्कृत भारता'ची गोष्ट वेगळी. येथे संपादक स्वतः बाबासाहेबच होते.

त्या पहिल्या वर्षात त्यांच्या मागे काय काय होते, याची कल्पना करा. वकिली होती, मुंबईच्या कायदे कौन्सिलचे काम होते, बहिष्कृत हितकारिणी सभा होती. महाडची लढाई तर संपलीच नव्हती. तळे सर्वांना खुले असल्याचा आपलाच ठराव महाड नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी मागे घेतला. डिसेंबरमध्ये विरोधकांनी कोर्टात दावा लावला. २५ डिसेंबरला महाडला पुन्हा परिषद भरली आणि मनुस्मृतीचे दहन झाले. एवढ्या धामधुमीत दर पंधरा दिवसांनी अंक निघायचा होता. हाताखाली पगारी लेखक ठेवायला पैसा नव्हता आणि समाजात लिहिते हात बोटांवर मोजण्याइतके. म्हणून अग्रलेख त्यांचा, 'आजकालचे प्रश्न' त्यांचे आणि 'प्रासंगिक विचार'ही त्यांचेच.

वर्ष पुरे होत आले तेव्हा, फेब्रुवारी १९२८ च्या अंकात, बाबासाहेबांनी वाचकांपुढे उघड हिशेब मांडला. एका अंकाचे चोवीस-चोवीस रकाने संपादकाला एकट्याने भरावे लागतात, त्याबद्दल तो एक पैसाही घेत नाही, आणि या कामात त्याने आपल्या प्रकृतीकडे आणि सुखाकडे पाहिलेले नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. मग त्यांनी समाजाला विचारले की, या पत्राचे तुमच्यावर झालेले ऋण तुम्ही खरेखुरे ऋण मानणार की नाही? सावकाराचे कर्ज माणूस फेडतो, मग हे का फेडू नये? आपल्याच माणसांना हे विचारताना त्यांना काय वाटले असेल, याचा विचार वाचकांनी करावा.

पुढे १५ नोव्हेंबर १९२९ रोजी 'बहिष्कृत भारत' बंद पडले. पैशाने मोडले असे आपण म्हणतो. मग ते वाया गेले का? अजिबात नाही. 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' यांचे अंक महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये वसंत मून यांच्या संपादनाखाली एकत्र छापले. महाडला नेमके काय घडले, गावोगावी कोणावर कसा बहिष्कार पडला, कोणी मदत केली, कोणी पाठ फिरवली, हे आज कोणालाही उघडून पाहता येते. पहिल्या वर्षी अपुऱ्या वर्गणीत, अपुऱ्या झोपेत लिहिलेले ते रकाने आज आपल्या समाजाची सर्वांत मोठी खतावणी आहे. दुसऱ्यांची पत्रे तेव्हा आपल्याविषयी लिहीत नव्हती, आणि लिहिलेच तर आपल्या विरोधात. आपले आपण लिहिले म्हणून उरले.

आता आपल्या खानदेशाकडे येऊ. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सभासद होते आणि त्या कामासाठी ते खानदेशात आले होते. परतताना ते चाळीसगावला उतरले, धुळ्याच्या रेल्वे फाट्यावरच्या एका गावी जाऊन तिथल्या बहिष्काराची चौकशी केली आणि पुन्हा चाळीसगावला आले. महारवाड्यातली मंडळी हार घेऊन स्टेशनवर हजर होती. स्टेशनबाहेर टांगे बरेच होते, पण बाबासाहेबांना तासभर तिष्ठत राहावे लागले. कारण कोणीही टांगेवाला त्यांना घेऊन जायला तयार नव्हता. शेवटी तडजोड अशी निघाली की टांगा भाड्याने मिळेल, पण हाकायला टांगेवाला येणार नाही. आपल्या माणसांना वाटले, एवढ्या मोठ्या पाहुण्याला पायी कसे न्यायचे? म्हणून त्यांच्यापैकीच एकाने लगाम हाती घेतला. त्याला टांग्याची सवय नव्हती. नदीवरच्या फरशीवर चाक कडेच्या दगडाला धडकले, घोडा आणि टांगा खाली गेले आणि बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले. पाय मोडला. पुष्कळ दिवस त्यांना हिंडता-फिरता येईना.

ही हकीकत आपल्याला कशी कळली? बाबासाहेबांनी ती स्वतः लिहून ठेवली. आपल्या आयुष्यात आणि आपल्या माणसांच्या वाट्याला अस्पृश्यतेमुळे जे आले, त्यातले काही प्रसंग त्यांनी थोड्याच पानांत इंग्रजीत लिहिले होते. ती हाताने लिहिलेली पाने त्यांच्या हयातीत छापली गेली नाहीत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये ती 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने छापली. म्हणजे चाळीसगावच्या त्या फरशीची गोष्ट कित्येक वर्षे कागदावर गप्प पडून होती. आज ती लेकरांच्या अभ्यासात आली आहे. ती चार पाने लिहिली नसती तर बाबासाहेबांना अपघात झाला, एवढेच राहिले असते. टांगेवाल्याचा नकार आणि आपल्या माणसांची ती भाबडी माया, दोन्ही पुसले गेले असते.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांची गोष्ट वेगळी, आपले कोण छापणार? छापलेच पाहिजे असे कोठे आहे? आपल्या जळगाव जिल्ह्यातच अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. वसतिगृहाच्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे दैनिक काढीत. ते छापलेले नव्हते, हाताने लिहिलेले होते. वाचक म्हणजे वसतिगृहातली पोरे. गुरुजी काही आपल्या चळवळीतले नव्हेत. पण पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये त्यांनी प्राणांतिक उपोषण केले, हे आपण जाणतो. पुढे लाखो वाचकांचे लेखक झालेल्या माणसाने आपला हात असा वसतिगृहातल्या पोरांसाठी रोज लिहून तयार केला होता.

आणि ज्यांना एकही वाचक नव्हता त्यांचे काय? फलटणच्या बेबीताई कांबळे घरीच छोटे दुकान चालवीत. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतले कागद वाचता वाचता त्यांना वाचनाची गोडी लागली. गिऱ्हाईक नसले की त्या लिहीत, आणि लिहिलेले घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून लपवून ठेवीत. एक-दोन महिने नव्हे, सुमारे वीस वर्षे! पुढे विद्या बाळ यांच्यामुळे ते लिखाण 'स्त्री' मासिकात आले आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. त्याच वर्षी शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' पुस्तकरूपाने आले. त्या शिक्षिका होत्या, निवृत्त झाल्यावर लिहू लागल्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी तर बाबासाहेबांच्या चळवळीतल्या बायांना शोधत गावोगाव हिंडल्या, त्यांच्या तोंडून ऐकले, लिहून घेतले, आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिले. ज्या बायांनी मोर्चे काढले, तुरुंग पाहिले, त्यांची नावे तोवर कोणाच्या कागदात नव्हती.

आपल्या जळगावच्या बहिणाबाई चौधरींना अक्षर येत नव्हते. त्यांच्या ओव्या मुलाने, कवी सोपानदेवांनी, आणि घरातल्या माणसांनी उतरवून घेतल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांचे पुस्तक आले. जी गाणी कोणी टिपून घेतली नाहीत, ती त्यांच्याबरोबरच गेली. आपल्या आयाआज्या जात्यावर काय कमी गात होत्या? भीमाची गाणी, दीक्षेची गाणी, उपाशी दिवसांची गाणी. त्यांच्या घरी कागद-पेन घेऊन बसणारा कोणी नव्हता.

आता माझ्या तीन वह्यांकडे वळते. त्यात थोर असे काही नाही. कोणत्या महिन्यात तूरडाळ काय भावाने आणली, कोणाच्या घरी पाळणा हलला, गल्लीत नळ किती दिवसांनी आला, लेकीला कोणत्या तारखेला ताप आला. सणासुदीत आणि लग्नसराईत दोनच ओळी आहेत. पण पहिल्या वहीच्या मधोमध अकरा पाने अशी आहेत की, ती मी सोन्यासारखी जपते.

माझ्या सासूबाई १९५६ साली दहा वर्षांच्या होत्या. माहेर भडगाव तालुक्यातले, गिरणाकाठचे. एका रात्री भाकरी खाऊन झाल्यावर त्या आपणहून बोलू लागल्या, आणि वही हाताशी असल्यामुळे मी लिहीत गेले. पुढे आठवडाभर हे चालले. त्यांचे वडील नागपूरला दीक्षेला गेले होते. भुसावळहून गाडी पकडली, अंगावर धुतलेले पांढरे धोतर, पदरी दशम्या. परत आल्यावर त्यांनी देव्हाऱ्यातले सगळे देव फडक्यात बांधून गिरणेत सोडले. पण सासूबाईंच्या आईने एक छोटा टाक कणगीत, ज्वारीच्या आत दडवून ठेवला होता. भीती वाटली होती तिला. पोरे लहान, देव कोपला तर काय? चार वर्षे तो टाक तिथे होता. मग दोन मुले शाळेत शिकू लागली, घरात कोणी मेले नाही, काही वाईट झाले नाही. एके दिवशी तिने स्वतःच तो बाहेर काढला आणि नवऱ्याला न सांगता नदीवर नेला. हे सासूबाईंनी आयुष्यात कधी कोणाला सांगितले नव्हते. मी त्यांच्याजवळ चोवीस वर्षे राहिले, मलाही नाही.

आषाढी पौर्णिमेनंतर थोड्याच दिवसांत सासूबाई गेल्या. आता त्या अकरा पानांत आहेत तेवढ्याच.

भगिनींनो, धर्मांतर म्हटले की आपण नागपूरची दीक्षाभूमी आणि लाखोंचा जनसागर पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या कणगीतल्या टाकात एका अडाणी बाईचे धर्मांतर आहे. ते चार वर्षे चालले. तिने ते एकटीने केले. अशा किती बाया असतील? त्यांची नोंद कोठे आहे? १९५६ साली जे दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत. आपल्याजवळ विचारायला आता फार वर्षे उरलेली नाहीत.

ज्यांना रोकडा उपयोग हवा आहे त्यांच्यासाठी तोही सांगते. त्याच अकरा पानांत सासूबाईंनी सांगितले होते की त्यांचे वडील गावच्या मराठी शाळेत तिसरीपर्यंत शिकले होते. सासूबाईंच्या भावाच्या नातवाला जातीचा दाखला काढायचा होता. आपल्याला ठाऊक आहे की, अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्राच्या सवलती लागू झाल्या, तरी दाखल्यासाठी जुनी नोंद लागतेच. घरात तर जुना एकही कागद नव्हता. वहीतली ती ओळ वाचून पोरगा त्या शाळेत गेला. हेडमास्तरांनी जुने जनरल रजिस्टर काढले, आणि त्यात पणजोबांचे नाव जातीसकट निघाले. ते शाळेत गेले होते हे घरात दुसऱ्या कोणालाही माहीत नव्हते.

म्हणून ज्यांना वही सुरू करायची आहे, त्यांच्यासाठी वर्षभरात हाती आलेले चार शब्द सांगते.

पहिले म्हणजे, तारीख आणि गाव घातल्याशिवाय पान सुरू करू नये. "त्या वर्षी", "तिकडे" असे लिहिले की दहा वर्षांनी घरातल्यालाही उमगत नाही.

दुसरे, माणसांची नावे पूर्ण लिहावीत. आजोबांचे, पणजोबांचे नाव, गाव, तालुका, कोणत्या शाळेत गेले, कोणत्या जिनिंगमध्ये, मिलमध्ये किंवा रेल्वेत कामाला होते, हे पहिल्याच चार पानांवर असावे. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना नंबर १४ मध्ये असतात. पण गाव आणि नाव माहीत असेल तरच त्या शोधता येतात.

तिसरे, आपल्या बोलीत लिहावे. आजी अहिराणीत बोलली तर अहिराणीतच उतरवावे. शुद्धलेखनाला घाबरून पेन खाली ठेवू नये. शांताबाईंनी आपल्या पुस्तकाच्या नावातसुद्धा आपली बोली ठेवली आहे.

चौथे, ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी बोलावे आणि घरातल्या शाळकरी पोराने लिहावे. मोबाइलमध्ये आवाज भरून घेता येतो, तेही करावे. पण मोबाइल बिघडतो, हरवतो, विकला जातो. ऐकून वहीत उतरवले म्हणजे चिंता नाही.

पाचवे आणि महत्त्वाचे. बाईची वही घरच्यांनी तिला विचारल्याशिवाय वाचू नये. बेबीताईंना वीस वर्षे लपवावे लागले. ती पाळी आपल्या लेकीसुनांवर येऊ नये. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावणाऱ्या घराकडून एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

कोणाला वाटेल, रोज जमणार नाही. न जमू दे. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी एक पान लिहिले तरी वर्षाची बावन्न पाने होतात. शंभर पानी वहीची निम्मी वही भरते. बाबासाहेबांनी चोवीस रकाने एकट्याने भरले. आपल्याला एक पान जड का जावे?

दर वर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रा भरते. बाबासाहेब तिथे मुक्कामाला होते म्हणून आपण हजारोंनी तिथे जातो. यंदा जाल तेव्हा बरोबरच्या म्हाताऱ्या माणसाला एवढेच विचारा की, आबा, तुम्ही पहिल्यांदा इथे कोणाबरोबर आला होता? तो जे सांगेल ते घरी येऊन लिहा. वर्षावासात विहारात रोज ग्रंथवाचन होते. ते आटोपल्यावर एका वडीलधाऱ्या माणसाने दहा मिनिटे आपली आठवण सांगायची आणि दहावी-बारावीच्या एका मुलीने ती विहाराच्या वहीत लिहायची, असा नेम प्रत्येक वस्तीने धरावा. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने असतात. एका वस्तीत नव्वद आठवणी होतील. वही आणि पेनाचा खर्च शंभर रुपयांच्या आत आहे. पहिली आठवण वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईची घ्या, आणि उद्यावर टाकू नका.

जयभीम.